पडद्यापलीकडच्या फिलोमिनाबाई

२०१७ च्या फेब्रुवारीत बर्फ उपसता उपसता मी शोव्हलसकट, म्हणजे फावड्यासकट, आडवी झाले. अनिश, म्हणजे माझा मुलगा, बर्नाबीहून दर फोनला बजावत होता, "आई, ड्राइव्ह-वे तू शोव्हल करू नकोस, माणूस लाव." माणूस लावला असता तर मी प्रभा कसली! खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत स्क्रू बसले, आणि उत्तर ब्रिटिश कोलंबियातल्या आमच्या पेपर मिलच्या गावातल्या हॉस्पिटलात, रिहॅबच्या वॉर्डात, मला दोन खाटांच्या खोलीत आणून टाकलं. खिडकीकडची खाट मला, दाराकडची फिलोमिनाबाईंना. मध्ये पडदा.

'बाई' हे मी लावलेलं. इथे ऐंशीच्या म्हातारीलाही कालची पोर नावानं हाक मारते. पंचेचाळीस वर्षं झाली मला या देशात येऊन. आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, इथेच लोकांना भूल देता देता रिटायर झाले, मग गेलेही, पण मला ते अजून जमत नाही. नर्स मला "प्राबा, स्वीटहार्ट" म्हणायची आणि मग माझंच बीपी मोजायला बसायची. ते वाढलेलं नसेल तर काय!

फिलोमिना हे नाव ऐकून आधी वाटलं, वसईकडच्या कुणी असतील. पडदा सरकला तर समोर रुंद चेहऱ्याच्या, ठेंगण्या, पांढऱ्या जाड वेणीच्या एक म्हाताऱ्या बाई. डाकेल लोकांपैकी. इथल्या तळ्यांच्या काठानं पिढ्यान्‌पिढ्या राहणारी ही माणसं. बाकी आम्ही सगळे नंतर आलेले. वयानं माझ्याहून पाच-सहा वर्षं मोठ्या असाव्यात. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. निदान सगळे तसं म्हणत होते.

पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट दिसली. दारात युनिफॉर्ममधलं कुणी आलं की बाईंचा डावा हात चटकन तोंडावर जायचा. नर्सला वाटायचं मळमळतंय, ती उलटीचं भांडं पुढे करायची. बाई भांड्याकडे बघायच्या, हात तसाच. नर्स निघून गेली, पावलांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकाला विरला, की मग हात खाली. घाबरलेलं माणूस ओळखायला काही डॉक्टर व्हावं लागत नाही. आणि या बाई एखाद्या गोष्टीला घाबरल्या आहेत असं वाटतच नव्हतं, त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसत्या घाबरलेल्याच होत्या. ती भीती पडद्याखालून माझ्याकडे यायला लागली. दाराशी पावलं वाजली की काही कारण नसताना माझंही काळीज धडधडायचं.

शनिवारी त्यांची मुलगी आली, डेल्फिन. पन्नाशीची, दणकट, गावाकडे शाळेची बस चालवायची. तीन तास बर्फातून गाडी हाकत आली आणि आईच्या खाटेवर बसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आई लेकीचा गाल कुरवाळायची आणि रडायची, बोलत काहीच नव्हती. डेल्फिन इंग्रजीत विचारायची, "मम्मी, पाणी हवंय? मम्मी, मी कोण आहे?" बाई तिच्या ओठांकडे बघत राहायच्या. माझ्यासारख्या बडबड्या बाईलाही ते बघवेना. मी खिडकीकडे तोंड केलं.

जाताना डेल्फिन माझ्यापाशी थांबली. म्हणाली, पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांची मीटिंग आहे. आईला काही समजत नाही, दुखलंखुपलं सांगता येत नाही, मदतीला हाक मारता येत नाही, असंच त्यांना दिसलं तर ते तिला घरी सोडणार नाहीत. डेल्फिन दिवसभर बसवर, घरी दुसरं कुणी नाही. मग नर्सिंग होम, आणि मोकळी खाट होती ती थेट दक्षिणेत, दहा तासांवर. समजतंय आणि सांगता येतंय असं दिसलं, तर घरी. रोज एक नर्स येऊन जाईल.

"तिकडे पाठवली तर ती उन्हाळा बघणार नाही," डेल्फिन म्हणाली. "तिला एकदा लहानपणी घरापासून उचलून नेलंय. दुसऱ्यांदा नाही सोसायची."

मी विचारलं, घरी तुम्ही कुठली भाषा बोलायचात? तर म्हणाली, इंग्लिश, कायम इंग्लिशच. हॉस्पिटलनंही तेच विचारलं आणि तिनं तेच सांगितलं. खोटं नव्हतंच ते.

सोमवारी दुपारी मला पहिल्यांदा ऐकू आलं. जेवणाचे ट्रे गेले की वॉर्डात दिवे मंद करायचे, तासभर विश्रांती. त्या शांततेत पडद्यापलीकडून कुजबुज यायला लागली. आधी वाटलं, हीटर कुरकुरतोय. मग बाटलीचं बूच निघावं तसा बारीक 'टक्' ऐकू आला, त्याच्यामागे श्वास, पुन्हा कुजबुज. मी कान टवकारले.

आपल्या कानाला त आणि थ वेगळे ऐकू येतात. इथल्या गोऱ्या माणसांना ते एकच. बाईंच्या कुजबुजीत त होता, थ होता, आणि आणखी एक तिसरा होता. घसा क्षणभर बंद करायचा आणि आत कोंडलेली हवा जिभेनं फटकन सोडायची, तसला त. क सुद्धा तसेच तीन. आपल्या चमच्यातला च आणि चारमधला च, दोन्ही होते. आणि एक असा ल होता की त्याला आवाजच नाही. जीभ ल ची, पण गालांच्या कडांनी नुसता वारा जातोय. मी पडल्या पडल्या करून बघितला. थुंकी उडाली, ल काही आला नाही.

झटक्यानं जड झालेली जीभ एकच आवाज पुन्हा पुन्हा जसाच्या तसा काढत नाही. बाई अडखळत होत्या, मध्येच थांबून पुन्हा सुरू करत होत्या, पण तो 'टक्' जिथे यायचा तिथेच येत होता. एक तुकडा तर त्या परत परत म्हणत होत्या, एखादं नाव घोकावं तसा. ही भाषा होती. वाचा गेली नव्हती, इंग्रजी गेली होती. खालची भाषा शाबूत होती आणि ती बाहेर पडू नये म्हणून ही बाई दिवसभर तोंडावर हात ठेवून बसत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती. उद्या मला झटका आला, इंग्रजी पुसली गेली आणि मागे नुसती मराठी उरली, तर? अनिशला मराठी कळते पण उत्तर इंग्रजीत येतं. नातीला 'ये' आणि 'खा' एवढंच येतं. मी पाणी मागेन, आणि कुणीतरी गोड पोरगी माझ्या पायावरची चादर नीट करून निघून जाईल. चहा आला तरी मला कप उचलवेना.

दुसऱ्या दिवशी मेगन आली. ही स्पीच थेरपिस्ट, ऑन्टारियोहून आलेली, तिशीच्या आतली, मनानं लाख चांगली आणि कायम घाईत. तिची कामाची एक पद्धत होती. आधी "तोंड उघडा, जीभ बाहेर काढा" म्हणायचं, चपट्या लाकडी पट्टीनं जीभ तपासायची, मग टेबलावर पेन्सिल ठोकत ठोकत एकेक अक्षर वदवून घ्यायचं. पट्टी पुढे आली की बाई ओठ आवळायच्या, इतके की ओठ पांढरे पडायचे. पेन्सिल टेबलावर वाजली की सगळं अंग दचकायचं. मेगन चुचकारायची, गुडघ्यावर बसायची, हसून दाखवायची. बाई हूं की चूं करायच्या नाहीत. मग मेगन उसासा टाकून कागदावर शून्य लिहायची.

मी तिला बोलावून सांगितलं, दुपारी या बाई बोलतात. तिनं माझ्याकडे बघितलं ते, खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांचं डोकं थोडं फिरतं ना, तसं. पण पोरगी सरळ होती. त्या दुपारी ती माझ्या खाटेच्या पलीकडे, पडद्याआड, खुर्चीवर श्वास रोखून बसली. कुजबुज आली. तिनं ऐकली.

बाहेर नेऊन ती मला म्हणाली, "प्राबा, भाषा असू शकते. पण शब्द शोधताना असे अडकलेले, फुटलेले आवाज झटक्याच्या पेशंटलाही येतात. मला त्यांची भाषा येत नाही. आमच्याकडे आदिवासी पेशंटसाठी एक बाई आहेत, त्या रजेवर आहेत, आणि त्या क्री जमातीच्या आहेत, त्यांचीही ही भाषा नव्हे. मी पडद्याआडून काही ऐकलं असं लिहून चालणार नाही. त्यांनी माझ्यासमोर, मी विचारलेल्याला उत्तर द्यायला हवं."

म्हणजे सगळं तिथेच येऊन अडलं. बाईंनी युनिफॉर्मसमोर तोंड उघडायला हवं होतं, आणि त्या नेमक्या त्यालाच घाबरत होत्या.

मी नर्सकडून डेल्फिनचा नंबर घेऊन फोन लावला. कुजबुजीचं सांगितलं. मग ती एकेक सांगायला लागली.

बाई जन्मल्या त्या तळ्याकाठच्या हिवाळी मुक्कामावर. वडील फरसाठी बीव्हरचे सापळे लावायचे. सात वर्षांच्या असताना ट्रक आला आणि गावातली पोरं भरून मिशनच्या बोर्डिंग शाळेत घेऊन गेला. तिथे आपली भाषा बोलायला बंदी. बोललं की शिक्षा. काय शिक्षा, ते मम्मीनं कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. सोळाव्या वर्षी सुटल्या, मिलच्या कॅम्पवर स्वयंपाकाला लागल्या. लाकूडतोड्यांच्या पंगती उठवायच्या, कुणी उद्धटपणा केला तर त्याच्या ताटात करपलेलं वाढायच्या. तिथेच नवरा भेटला, लाकडाचा ट्रक चालवणारा. चार मुलं झाली. मुलांशी एक शब्द डाकेल बोलल्या नाहीत. नवऱ्याशी बोलायच्या तेही मुलं झोपल्यावर. मुलांच्या जिभेवर ती येऊच नये, म्हणजे मुलांना कुणी हात लावणार नाही.

"दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या बँड ऑफिसनं म्हाताऱ्या माणसांचे आवाज रेकॉर्ड करायला घेतले," डेल्फिन म्हणाली. बँड ऑफिस म्हणजे त्यांची पंचायत. "नीट बोलणारी माणसं आता हाताच्या बोटांवर राहिलीत. मम्मी तिथे बोलायला गेली, पण तिची अट होती, दाराला कडी आणि खिडक्यांचे पडदे ओढलेले. आता माझी नातवंडं फोनवर बटण दाबून तिचा आवाज ऐकतात. ती शेजारच्या खोलीत जाऊन बसते. प्राबा, मला वाटलं इंग्लिश गेलं म्हणजे सगळंच गेलं. मला येतात ते दोन शब्द मी तिला म्हणून बघितले. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं."

मी फोन ठेवला आणि पडद्याकडे बघत बसले.

बुधवारी अनिश आला. मला बर्नाबीला त्याच्या फ्लॅटमध्ये हलवायचा त्याचा बेत होता. तो कॉफी आणायला खाली गेला आणि मी व्यायामाला लागले. पाय उचला, धरा, सोडा. जीव जायचा दुखण्यानं. मग मी माझं नेहमीचं औषध काढलं. पंचेचाळीस वर्षं इंग्रजीत संसार केला तरी हिशेब मराठीतच होतो, आणि कळ सोसायची तर पाढे. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस," मी खणखणीत आवाजात सुरू केलं. प्रत्येकाला एकदा पाय वर. एकोणतिसाच्या पाढ्यापर्यंत जायची माझी तयारी होती.

कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. त्याच क्षणी पडदा फाटल्यासारखा बाजूला झाला, डाव्या पायानं व्हीलचेअर रेटत बाई माझ्या खाटेवर येऊन आदळल्या आणि त्यांचा तळहात माझ्या तोंडावर घट्ट बसला.

श्वास घुसमटला. बाईंचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता, पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. डोळे दाराकडे. आणि मान हलत होती, नको, नको, नको.

दारात अनिश होता, दोन कप घेऊन, आणि मागे नर्स. तो एवढ्यानं ओरडला की एक कप तिथेच पडला. नर्सनं बाईंना मागे ओढलं. बाई खुर्चीत मुटकुळं करून बसल्या, हात आता स्वतःच्या तोंडावर. अनिश ओरडतच होता. "आई, आर यू ओके? शी वॉज चोकिंग यू! आय वॉन्ट धिस रिपोर्टेड, राइट नाऊ!"

"अरे गप्प बस!" मी म्हणाले. "तिनं माझं तोंड दाबलं नाही, झाकलं! कुणीतरी येतंय म्हणून झाकलं!"

पण माझा आवाज फुटेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. संध्याकाळी हेड नर्स येऊन सांगून गेली की फिलोमिनानं शेजारच्या पेशंटवर हात टाकल्याची नोंद झाली आहे. आता शुक्रवारच्या मीटिंगमध्ये दक्षिणेतल्या त्या होमचा साधा वॉर्ड नव्हे, कुलूपबंद वॉर्ड सुचवावा लागेल. तुमची खोली बदलून देतो, म्हणाली. मी म्हटलं, मला उचलून नेलंत तरच जाईन.

अनिशला मी त्या दिवशी सगळं मराठीत सांगितलं. शाळा, ट्रक, मुलं, कुजबुज. मध्ये मध्ये "बट आई" करत होता, मी तोडून टाकलं. शेवटी तो उठला, हेड नर्सकडे गेला आणि तक्रार मागे घेऊन आला. ती म्हणाली, ठीक आहे, पण लिहिलेलं पुसता येत नाही. परत येऊन तो माझ्या पायाशी बसला. मराठीत म्हणाला, "आई, मी घाबरलो होतो गं." मी म्हटलं, मीही. अजून घाबरलेलीच आहे.

आणि ते खरं होतं. माझ्या पाढ्यांनीच त्या बाईला कुलपाच्या दाराशी नेऊन उभं केलं होतं. आता पाढे थांबवायचे, की आणखी मोठ्यानं म्हणायचे? थांबवले तर बाईंच्या लेखी ठरणार, की आपलं बरोबर होतं, हिला गप्प केलं म्हणून ही वाचली. म्हणून मी गुरुवारी सकाळपासून बोलत सुटले. नर्स बीपी घेताना मी मराठीत बोलले, गोळ्या देताना बोलले, आंघोळ घालणाऱ्या बाईंना पाणी थंड आहे म्हणून मराठीत फटकारलं आणि मग इंग्रजीत फटकारलं. पडदा मी उघडाच ठेवायला लावला. दर वेळी बाईंचे डोळे विस्फारायचे. दर वेळी त्या नर्सच्या हातांकडे बघायच्या. नर्स म्हणायची, "वॉट वॉज दॅट, स्वीटहार्ट?" मी म्हणायची, माझी भाषा. ती म्हणायची, "साउंड्स लव्हली," आणि जायची. बाई दाराकडे बघत राहायच्या, ती परत येते का म्हणून.

दुपारी नर्स आमच्याकडे पाठ करून भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर काहीतरी लिहीत होती. मी पाढा मध्येच थांबवला. खोलीत मार्करचा आवाज तेवढा येत होता. आणि मग बाईंच्या बाजूनं, अगदी बारीक, तो 'टक्', आणि त्याच्यामागे एक शब्द. पूर्ण शब्द. नर्सनं तारीख लिहिली, मार्कर खिशात टाकला, आमच्याकडे बघून हसली आणि गेली. बाई इतक्या घामेजल्या होत्या की केस कपाळाला चिकटले होते.

मी मेगनला गाठलं. म्हटलं, उद्या पट्टी नको, पेन्सिल नको, आणि मीटिंग याच खोलीत. तिनं मला कशाला, का, विचारलं नाही. मग मी डेल्फिनला फोन केला. म्हटलं, ज्यांच्याशी त्या लपून का होईना बोलल्या असतील, असं कुणी शोधा. डेल्फिन म्हणाली, सेसिलिया मावशी. त्याच शाळेतली, शेजारच्या खाटेवरची. गाडीतून आणण्याइतकी तिची तब्येत नाही, पण फोनवर बसवते.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर, हेड नर्स आणि मेगन खोलीत आले. तीन उंच माणसं आणि दार लावून घेतलेलं. बाईंचा हात तोंडावर गेला तो खाली येईना. मेगननं फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या मांडीवर ठेवला. डॉक्टर म्हणाले, एकच गोष्ट विचारा. घरी एकट्या असताना पडलात तर काय कराल?

फोनमधून एक थकलेला म्हातारा आवाज आला. तेच आवाज, तोच वाऱ्याचा ल, तेच तीन त. सेसिलियाबाई हळूहळू बोलत होत्या, आणि त्यांचाही स्वर कुजबुजीचाच होता. आपल्या घरात, डेल्फिनशेजारी बसून ती बाई कुजबुजत होती! बाईंनी उत्तर दिलं नाही. सेसिलियाबाईंनी पुन्हा विचारलं. हात तसाच. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. झालं, नेतात आता हिला.

फोनवर खरखर झाली, कुणीतरी घसा खाकरला, आणि सेसिलियाबाई तिसऱ्यांदा बोलल्या. या वेळी मोठ्यानं. कॉरिडॉरमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

बाईंचा हात खाली आला. घशात काहीतरी अडलं, सुटलं, आणि त्या बोलल्या. चाचरत, शब्द शोधत, पण पूर्ण आवाजात. एकदा सुरू झाल्यावर थांबेचनात. पलीकडून सेसिलियाबाई हुंकार देत होत्या, एकदा तर चक्क हसल्या. मग त्यांनी इंग्रजीत सांगायला घेतलं.

"ती म्हणते, पडले तर पडल्या जागेवरून बोंब मारेन, शेजारी ऐकतील. माझ्या गावात बोंब मारलेली कळते, इथे कुणाला कळणार? ती म्हणते, ही पोरगी चांगली आहे पण तिची ती लाकडाची पट्टी मला नको. आणि ती विचारते, खिडकीपाशी एक बाई आहे, ती या लोकांच्या तोंडावर आपली भाषा बोलते. तिला अक्कल नाही. मी गेल्यावर तिच्याकडे कोण बघणार?"

डॉक्टर हसले. म्हणाले, यांना सगळं समजतंय, घरी पाठवायची तयारी करा. फोनवर डेल्फिन मोठ्यानं रडायला लागली. मेगननं डोळे पुसले. हेड नर्सनं हातातल्या बोर्डावरचा कागद उलटला आणि 'कुलूपबंद वॉर्ड' खोडलं. मी तर वेड्यासारखी हसत होते आणि रडत होते.

बाई हसत नव्हत्या. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग त्यांनी डोळे गच्च मिटले आणि डावा हात पुढे केला, कोपर ताठ, तळवा वर. आमच्या मिरजेच्या शाळेत मास्तरीणबाईंनी छडी उचलली की आम्ही पोरी असाच हात पुढे करायचो.

डॉक्टरांना वाटलं, हात मिळवायचाय. त्यांनी तो हात दोन्ही हातांत घेऊन प्रेमानं हलवला. "काँग्रॅच्युलेशन्स, फिलोमिना," म्हणाले आणि सोडला.

बाईंनी डोळे उघडले. तळव्याकडे बघितलं. मग त्याच हातानं त्यांनी मांडीवरचा लुळा उजवा हात उचलला, त्याची आखडलेली बोटं एकेक करून उलगडली, आणि तोही पुढे केला.